थायलंडचे मावसभाऊ

"ही दोघं एकमेकांची कोण लागत्यात रं?" इंदूकाकूंनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावसभाऊ."

त्या एका शब्दाने पुढे अकरा भाग मला घाम फोडला. पण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. मोबाइलच्या पडद्यावर दोन देखणे थायी तरुण कॉलेजच्या जिन्यात एकमेकांवर आदळले होते, एकाने दुसऱ्याला पडता पडता कमरेत धरलं होतं, आणि मागे गोड संगीत वाजत होतं. आपल्याकडच्या बाया कुठलीही दोन माणसं पाहिली की आधी नातं विचारतात. नातं कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मी त्यांचा जीव भांड्यात पाडला आणि माझा टांगणीला लावला.

ही सात वर्षांपूर्वीच्या चैत्रातली गोष्ट. कराडला इंदूकाकू पोरे यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, तिथे मी कटिंग मास्टर. वय अठ्ठावीस, नाव मुकुंद खटावकर, जातीने आणि धंद्याने शिंपी, हातात कात्री आली की जगात कुणाचं न ऐकणारा. काकू मालकीण. मशीनवर मेहरून, तिशीतली, तोंडाने मशीनपेक्षा वेगवान. आणि हुक लावायला, तुरपाई करायला, साडीला फॉल लावायला रजनीताई. त्यांना नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. दिवसभरात त्या दहा वाक्यं बोलत, त्यातली सात दोऱ्याच्या रंगाबद्दल.

लग्नसराईत दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असायचं. गिऱ्हाईक नाही, मी सकाळीच कटिंग उरकलेलं, आणि बायका हातकामाला बसलेल्या. पूर्वी त्या वेळात टीव्ही चालायचा, पण तो फेब्रुवारीत कायमचा गेला. मग मेहरूनच्या धाकट्या बहिणीने तिच्या मोबाइलवर ही थायलंडची मालिका घालून दिली. "पोरी येड्या झाल्यात म्हणं हिच्यापायी," मेहरून म्हणाली आणि मोबाइल बटणांच्या डब्याला टेकवून उभा केला. भाषा कुणाला कळेना. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, ती वाचायची तर वर बघावं लागतं, आणि हुक लावणाऱ्या बाईने वर बघितलं की सुई बोटात जाते. मी बी.ए.ला दोन वर्षं इंग्रजी घेतलं होतं. म्हणून ठरलं, मास्टर वाचून दाखवणार, मराठीत, आणि बायका ऐकत काम करणार.

आता गंमत अशी की ती मालिका मी आधीच पाहिलेली होती. एकदा नव्हे, दोनदा. घरी माडीवरच्या खोलीत कडी लावून, कानात इअरफोन घालून. उशीखाली दडवलेली वस्तू कुणी चौकात आणून मांडावी तसं मला झालं. पळून जावंसं वाटलं, पण पळालो असतो तर का पळालो ते सांगावं लागलं असतं. म्हणून घसा खाकरला आणि वाचायला लागलो.

त्यांची नावं काही या बायकांच्या जिभेवर बसेनात. एक उंच, गोरापान, श्रीमंताघरचा, तो झाला 'गोरा'. दुसरा हुशार, गरीब, चष्मा लावणारा, तो 'चष्मेवाला'. पुढे एक मुलगी आली, तिच्या हातात पहिल्याच प्रसंगात लाल छत्री होती, तिचं नाव पडलं 'छत्रीवाली'. आणि तिसऱ्या दिवसापर्यंत दुपारचे दोन कधी वाजतात याची सगळ्यांना ओढ लागली.

मी आयुष्यात अनेक प्रेक्षक पाहिले, पण त्या तिघींसारखे नाही पाहिले.

"हा तीन-तीनदा का पडतोय?" काकूंनी विचारलं. एकच पडणं तीन बाजूंनी संथपणे दाखवत होते.

"काकू, एकदाच पडतो, दाखवतात तीनदा."

"मग पिक्चरवाल्यांना सांग, कळलं म्हणावं आम्हाला पहिल्यांदाच."

दर भागात एकदा तरी सगळी कथा थांबायची आणि दोघं कसलंतरी थंड पेय पीत, बाटली कॅमेऱ्याकडे वळवून त्याची चव वाखाणायचे. मेहरूनला ते फार खटकायचं. "आत्ता एवढी भांडणं झाली, आत्ता लगेच सरबत कुठलं जातंय घशाखाली?" गोऱ्याने चष्मेवाल्याच्या ओठाला लागलेला भात अंगठ्याने पुसला तेव्हा ती म्हणाली, "हितं माझा नवरा माझ्या गालाला रंग लागला तरी सांगत नाही."

चौथ्या भागात चष्मेवाल्याला ताप आला. गोरा रात्रभर त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसला, अंग पुसत बसला, आणि पहाटे त्याचा हात हातात घेऊन तिथेच झोपला. मी वाचलं, "मावशीने सांगितलंय, याची काळजी घे म्हणून."

"कुठल्या मावशीनं?" काकू.

"चष्मेवाल्याच्या आईने. म्हणजे गोऱ्याची मावशी."

"गुणाचा हाय गं गोरा," काकू म्हणाल्या. मेहरून खाली मान घालून जोरात खोकली.

सहाव्या भागात ते सहलीला गेले, आणि भल्यामोठ्या हॉटेलात नेमकी एकच खोली शिल्लक, तिच्यात एकच पलंग. यावर दुकानात दहा मिनिटं चर्चा झाली. एवढं हॉटेल बांधतात तर खोल्या का बांधत नाहीत, असं काकूंचं म्हणणं. आठव्या भागात समुद्रावर त्या दोघांनी एकमेकांचं चुंबन घेतलं. पडदा पूर्ण भरून, अर्धा मिनिट, पाच बाजूंनी. मी ऐन वेळी कापडाचा गठ्ठा उचलून मोबाइलसमोर धरायचा प्रयत्न केला, तो मेहरूनने हाताने बाजूला सारला.

"तिकडे रीत आहे," मी म्हणालो. "भाऊ भाऊ भेटले की असंच करतात."

"बरं," काकू म्हणाल्या. "आणि ही तर रोजच भेटत्यात."

मला वाटलं, वाचलो. नऊ वर्षं बायकांमध्ये काम करून मला बायका किती कळल्या होत्या याचा यावरून अंदाज यावा.

माझा जीव एवढा खालीवर होत होता याचं खरं कारण मोबाइलात नव्हतं, उंब्रजला होतं. इंदूकाकूंच्या थोरल्या भावाची मुलगी वृषाली, बालवाडीत शिक्षिका, तिच्याशी माझं लग्न ठरलं होतं. स्थळ काकूंनीच घातलं. "माझी भाची हाय, सोन्यासारखी हाय, आणि तू मला पोटच्या पोरासारखा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी हो म्हणालो. आई चार वर्षं पाठीशी लागली होती. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण शाळेपासून माझ्या पोटात होतं, ते ओठावर आणायची माझी छाती नव्हती. मी उंब्रजला दोनदा जाऊन आलो, पोहे खाल्ले, चहा प्यायलो, साखरपुड्याची तारीख धरली. मनाला सांगितलं, बाकीचे करतात तसं आपणही करू, होईल सवय.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. येणाऱ्या सुनेचं साखरपुड्याचं ब्लाऊज नवऱ्या मुलाने स्वतः कापायचं. आजोबांनी आजीचं कापलं, वडिलांनी आईचं. त्याप्रमाणे उंब्रजहून एक पिशवी आली. मोतिया रंगाची जरीच्या बुट्ट्यांची साडी, मापाचं जुनं ब्लाऊज, आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. 'गळा फार मोठा नको. बाकी तुम्हाला योग्य वाटेल तसं.' ती चिठ्ठी मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी सकाळी, साखरपुड्याला नऊ दिवस उरले असताना, मी ते कापड टेबलावर पसरलं आणि कात्री घातली.

त्याच दुपारी आम्ही अकरावा भाग लावला.

अकरावा भाग नासका असतो, हे मला ठाऊक होतं. या मालिकांचा तो नियमच आहे. दहा भाग सगळं गोड होतं, अकराव्यात ताटातूट होते, बाराव्यात पुन्हा जुळतं. पण कितव्यांदाही बघितलं तरी अकरावा भाग मला सहन होत नसे. त्यात गोरा नव्हे, चष्मेवालाच आईच्या सांगण्यावरून छत्रीवालीशी लग्नाला तयार होतो.

मालिका सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, तोच रजनीताई म्हणाल्या, "मुकुंदा, ह्या बाह्या बघ बरं."

त्यांच्या हातात मोतिया कापडाच्या दोन बाह्या होत्या. त्यांनी त्या मांडीवर शेजारी शेजारी पसरल्या. "दोन्ही उजव्या हाताच्याच कापल्यास."

मी उठून पाहिलं. खरंच होतं. नवशिका करतो ती चूक. साध्या कापडात उलटसुलट करून खपून जाते, पण जरीच्या कापडाला सुलटी बाजू एकच. आणि साडीतल्या ब्लाऊजपीसला दुसरा तुकडा नसतो. नऊ वर्षांत माझी एक बाही चुकली नव्हती.

"लक्ष कुठं असतंय मास्टरचं?" काकू हसून म्हणाल्या. "नवरदेव झालास तरी कात्री जागेवर ठेव की."

"जुळतं कापड मिळेल बाजारात," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला. "वाचू पुढे?"

पडद्यावर पावसात बसथांब्यावर ते दोघं उभे होते. चष्मेवाला सांगत होता की माझं लग्न ठरलं. गोरा आधी हसला, मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तो रडायला लागला. मी वाचलं, "मी नोकरीला परदेशी चाललोय. आता आपली भेट वर्षभर होणार नाही."

मेहरूनचं मशीन थांबलं होतं.

"म्हणून तो रडतोय," मी पुढे म्हणालो. "मावसभावाची सवय झालेली असते."

"मुकुंदा," रजनीताई म्हणाल्या, "खरं वाच."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या सुईकडेच बघत होत्या.

"खरंच वाचतोय, ताई."

"न्हाई ओ मास्टर," मेहरून म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. "माझ्या बहिणीनं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलंवतं. मी ह्यांना सांगितलं. दुसऱ्या भागापासनं ठावं हाय आम्हाला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला लाज वाटत असंल म्हटलं," काकू म्हणाल्या. "बायकांच्यात एकटा गडी, तुला कशाला आणि अवघड करायचं. आणि खरं सांगू का, तुझी ती मावशी ऐकायला लई मज्जा यायची." मग त्या गंभीर झाल्या. "पण आता ही दोघं रडाया लागली. आता मावशी नको. काय म्हणतोय ते नीट सांग."

मेहरूनने ते दृश्य मागे नेलं. मी पुन्हा वाचलं, आणि या वेळी जे होतं तेच वाचलं. चष्मेवाला म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि मी तिच्याशी लग्न करतोय. दुसरा विचारतो, मग माझं काय. तो म्हणतो, तू माझ्यासाठी कुणीच नव्हतास असं मी सगळ्यांना सांगेन, आणि एक दिवस मलाही ते खरं वाटायला लागेल. हे वाक्य मी माडीवर दोनदा वाचलं होतं, पण मराठीत, मोठ्याने, चार माणसांत ते माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं.

मेहरून पदराला डोळे पुसत होती. काकू त्या चष्मेवाल्याच्या आईला शिव्या घालत होत्या. "भवानीला पोराचं तोंड दिसत न्हाई? एवढंसं झालंय वाळून." आणि मग त्या छत्रीवालीवर घसरल्या. "ही एक आणि मधीच तडमडली."

"तिला कुणी विचारलं का?" रजनीताई म्हणाल्या.

"कुणाला?"

"त्या पोरीला. छत्रीवालीला. तिला कुणी सांगितलं का, हा असा आहे म्हणून? सगळी म्हणतात ती मधे आली. ती कुठे मधे आली? तिला आणून बसवली मधे."

रजनीताईंनी सुई कापडात खुपसून ठेवली. मी त्यांना काम थांबवून बोलताना तोवर पाहिलं नव्हतं.

"एकोणीस वर्षं माझा संसार झाला," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. दर सोमवारी गजरा आणायचे. आणायचे आणि टेबलावर ठेवायचे. केसात माळला कधी नाही. मला वाटायचं, मी काळी आहे म्हणून. दोन वर्षं मी हळद आणि साय लावली तोंडाला. मग वाटायचं, माझ्या अंगाला वास येतो. दिवसातून दोनदा अंघोळ करायचे. मग वाटलं, पोर होत नाही म्हणून. पोर कुठनं होणार होतं? कोरेगावला ह्यांचे एक मित्र होते. ते वारले तेव्हा हे तेरा दिवस पाण्यावर राहिले. तेव्हा मला उलगडलं. मी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. पुढे सहा वर्षं आम्ही तसेच एकमेकांना चहा करून देत राहिलो."

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"राग नाही हो मला," रजनीताई म्हणाल्या. "भ्यायलेला माणूस होता. पण आधी कुणीतरी मला सांगायला पाहिजे होतं. एवढी वर्षं मी आरशात माझाच दोष शोधत बसले."

त्यांनी हे माझ्याकडे बघून म्हटलं नाही. त्यांना काही माहीत होतं की नव्हतं, हे मी आजवर त्यांना विचारलेलं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे उंब्रजचा एक आरसा उभा राहिला, आणि त्यात गळा फार मोठा नको म्हणणारी एक मुलगी. मी रडायला लागलो. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून, लहान पोरासारखा.

"अरे, बाही चुकली तर चुकली," काकू गडबडल्या. "कापड आणू की दुसरं."

"कापडाचं नाही, काकू. मी ते ब्लाऊज शिवू शकत नाही."

"मग मेहरून शिवंल."

"लग्न करू शकत नाही." आणि मग, दुसरा कुठला शब्द तेव्हा माझ्याजवळ नव्हताच, म्हणून मी म्हणालो, "मी त्या चष्मेवाल्यासारखा आहे, काकू."

एवढा एक फायदा त्या मालिकेचा मी जन्मभर विसरणार नाही. समजावून सांगावं लागलं नाही. अकरा भाग त्या तिघींनी त्या चष्मेवाल्यावर माया केली होती, त्याच्या तापाने हळहळल्या होत्या. तो कोण आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण चष्मेवाला थायलंडचा होता, आणि छत्रीवाली काकूंच्या सख्ख्या भावाची मुलगी होती. काकूंचा चेहरा पांढरा पडला.

"मी विचारलं तवा हो म्हणालास," त्या म्हणाल्या. "हो कशाला म्हणालास?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"माझी भाची हाय रं ती." त्या उठल्या, पायात चपला सरकवल्या, शटरखालून वाकून बाहेर पडल्या आणि निघून गेल्या. मेहरूनने मोबाइल बंद केला. मला तिने पाणी आणून दिलं. रजनीताईंनी दोन्ही बाह्यांची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "सांगितलंस, बरं केलंस." मग त्यांनी सुई उचलली. मी घरी गेलो तो नोकरी गेली असं धरूनच गेलो. नोकरीचं एवढं नव्हतं. वडिलांच्या माघारी माझ्या हातात कात्री देणारी बाई माझ्याकडे न बघता गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काकू आमच्या दारात उभ्या. इस्त्रीची साडी, हातात पर्स. "चल, उंब्रजला जायचंय. साडेनऊची एसटी हाय. भावाला मी सांगते. पोरीला तू सांगायचं."

"काय सांगू?"

"काल मला सांगितलंस तेच. तिला मावशी नको सांगू."

एसटीत त्या खिडकीशी बसल्या, मी शेजारी. तळबीड मागे पडल्यावर बाहेर बघतच म्हणाल्या, "काल लई राग आलता. अजून हाय. रातभर म्हटलं, हा आणखी नऊ दिवस गप्प बसला असता तर माझ्या पोरीची रजनी झाली असती. मग म्हटलं, गप्प बसला न्हाई की." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बारावा भाग माझ्याशिवाय लावायचा न्हाई. सांगून ठेव मेहरूनला."

बारावा भाग आम्ही पुढच्या सोमवारी पाहिला, चौघांनी मिळून, शब्द न् शब्द खरा वाचून. आईला सांगायला मला आणखी वर्ष लागलं, आणि तिला ते पचायला दोन. पुढे आयुष्यात बरंच काही चांगलं घडलं, एक माणूसही आला, पण त्या सगळ्याचा रस्ता त्या एसटीतूनच गेला. त्या दिवशी मात्र मला फक्त घाम फुटला होता.

उंब्रजला काकू भावाला घेऊन सोप्यात बसल्या. आत जाताना मी त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं, "दादा, चूक माझी झाली, मी घाई केली." त्यांनी माझं नाव मधे येऊच दिलं नाही, हे मला नंतर कळलं. मी परसात गेलो. वृषाली दोरीवर कपडे वाळत घालत होती. मला बघून तिने ओढणी सारखी केली.

मी सगळं सांगितलं. मालिका, मावसभाऊ, दोन उजव्या बाह्या, आणि मी कोण आहे ते. कुठेही न थांबता सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. ती ओला टॉवेल हातात तसाच धरून ऐकत होती. टॉवेलाचं पाणी तिच्या पायावर गळत होतं.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"शाळेपासून."

"आणि तरी पोहे खाल्लेत."

मी मान खाली घातली.

"दोनदा आलात," ती म्हणाली. "दोन्ही वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलात. मी रोज रात्री विचार करायचे, माझ्यात काय बघवत नाही यांना." तिचे डोळे भरून आले, पण तिने ते रागाने पुसले. "मला वाटलं मी जाड आहे म्हणून. दीड महिना झाला, मी भात सोडलाय. आमच्याकडे इंद्रायणी पिकतो, घरभर वास सुटतो, आणि मी भाकरीचा चतकोर घेऊन बसते."

"तुमच्यात काहीच कमी नाही," मी म्हणालो. "देवाशपथ."

"ते आता कळलं." तिने टॉवेल पिळला, झटकला, दोरीवर टाकला आणि चिमटे लावले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एक करा. मुलीने नकार दिला असं सांगा सगळीकडे. तुमच्या घरी पण. तुम्हाला कुणी कारण विचारणार नाही, आणि मला मी नाकारला म्हणून मिरवता येईल. तेवढं तरी माझ्या वाट्याला येऊ दे."

मी तिच्यासमोर हात जोडले. मला त्याहून मोठं काही करता येण्यासारखं नव्हतं. तिने हात झटकून ते धुडकावलं आणि ताडताड स्वयंपाकघरात गेली.

आतून तिचा आवाज आला. "आई, भात झाला का गं?"

"झालाय. पण तू सोडलायस ना?"

"धरला परत. वाढ."

तिच्या आईने ताट वाढलं. वाफाळता भात, वर आमटी, वर तुपाची धार. वृषाली पाटावर मांडी घालून बसली, आणि कुणाकडेही न बघता जेवायला लागली. सोप्यातून तिचे वडील आले, काकू आल्या, दोघंही दारातच थांबले. ती जेवत राहिली. एकदा संपला, तर तिने ताट पुढे केलं आणि पुन्हा मागून घेतला. मी उंबऱ्यात उभा राहून बघत होतो. माझ्यामुळे उपाशी राहिलेलं माणूस माझ्यादेखत पोटभर जेवत होतं, आणि वेळ अजून गेलेली नव्हती.